रिकाम्या गॅलरीतली पब्लिक

एकटा माणूस गॅलरीच्या सगळ्या कोपऱ्यांतून टाळ्या वाजवू शकतो, हे मी सौदीतल्या राबिघला पाहिलं. चेंडू डाव्या अंगाला गेला की अण्णा उठून डावीकडे जात. उजवीकडे कॉर्नर मिळाला की सिमेंटच्या पायऱ्या उतरत-चढत उजवीकडे. हात डोक्याच्या वर नेऊन, तळवे किंचित खोलगट करून टाळी वाजवायची, म्हणजे वरच्या पत्र्याखाली आवाज घुमतो. पहिल्या दिवशी मी विचारलं, "अण्णा, एका जागी बसून का नाही बघत?" धाप लागलेली असतानाच ते म्हणाले, "मास्तर, पोरांना सगळीकडनं आवाज आला पायजे. एकाच जागेवरनं आला तर त्यांना कळंल की, एकच माणूस हाय म्हणून."

पोरांना ते केव्हाच कळलं होतं. ती अण्णांना 'जुमहूर' म्हणत. अरबीत जुमहूर म्हणजे प्रेक्षक, सगळी गर्दी मिळून. आम्ही राहायचो त्या कंपाउंडातल्या मराठी मंडळींनी त्याचं 'पब्लिक' करून टाकलं. "पब्लिक आज दुकानात भेटली होती, कोथिंबीर घेत होती," असं लोक बोलत. अण्णांच्या समोरही बोलत. अण्णा हसत आणि म्हणत, "मग? पब्लिकला काय जेवायला लागत न्हाई?"

अण्णा कोल्हापूरचे. रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनिअर होते. मी त्याच प्रकल्पात तांत्रिक कागदपत्रांच्या विभागात. मी नाशिकचा, खेळाशी माझा संबंध वर्तमानपत्राचं शेवटचं पान उलटण्यापुरता. सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन दारातल्या खुर्चीत बसायचं, एवढीच माझी चैन. त्यावरून त्यांनी मला मास्तर केलं. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. एका शुक्रवारी दुपारी ते गाडी माझ्या दारात थांबवून म्हणाले, "तिथं बसून वाचा की. सावली हाय, वारा हाय. फक्त तोंड मैदानाकडं ठेवायचं." मला नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

ते मैदान एका लहानशा तांत्रिक कॉलेजचं होतं, गावाच्या टोकाला. त्या कॉलेजची मोठी शाखा जेद्दाला आहे. तिथे म्हणे खरं गवत, मोठे दिवे आणि खुर्च्या. इथे कृत्रिम गवत, तेही गोलसमोर टक्कल पडलेलं, आणि एका बाजूला पत्र्याखाली पायऱ्या. पलीकडे रिफायनरीची ज्योत. गावात फुटबॉलचं वेड नव्हतं असं नाही. चहाच्या दुकानांत मोठ्या क्लबांच्या मॅचला बसायला जागा मिळत नसे. पण कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला कोण येणार? बदली खेळाडू, मिसरी म्हणजे इजिप्तचा कोच, फाटकावरचा रखवालदार आणि अण्णा.

अण्णांना हे वेड कुठून लागलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, गाडी चालवता चालवता. "आमच्याकडं पेठेच्या टीमची मॅच म्हटलं की गॅलरी भरती, गॅलरी भरली की लोक भिंतीवर, भिंत भरली की झाडावर. मी पेठेच्या टीममध्ये काय बसलो न्हाई. तेवढा पाय नव्हता. कॉलेजच्या टीममध्ये खेळलो. तिथं बघायला कुत्रं नव्हतं. एकदा गोल घातला मास्तर, लांबून, एक नंबर. गोल झाला की माणूस आधी गॅलरीकडं बघतो. मीबी बघितलं. एक म्हातारी शेळी घेऊन चालली होती, तिनंबी बघितलं न्हाई." ते खूप हसले.

कॉलेजच्या चेंजिंग रूमच्या कपाटांना कुलपं नव्हती. मॅचच्या आधी पोरं आपले फोन, घड्याळं, गाडीच्या किल्ल्या अण्णांच्या कापडी पिशवीत आणून टाकत. थंडीच्या दिवसांत हाफ टाइमला मगरिबची, सूर्यास्ताच्या नमाजाची, वेळ होई. मग दोन्ही टीम, कोच, रेफरी, रखवालदार, सगळे मैदानाच्या कडेला नमाजाला उभे राहत आणि गॅलरीत अण्णा एकटे उरत. गोलकीपर माजिद वुजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, जाण्याआधी पायऱ्या चढून येई आणि आपले हातमोजे अण्णांच्या मांडीवर ठेवी. नमाज संपेपर्यंत अण्णा पिशवी पायाशी आणि हातमोजे मांडीवर घेऊन ताठ बसत. पाणीसुद्धा पीत नसत. मी एकदा त्या वेळात काही बोलायला गेलो तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मग माजिद मोजे घ्यायला येई आणि पुढच्या शुक्रवारचं विचारी, "जुमा? नक्की?" 'नक्की' हा एकच मराठी शब्द त्याला येत होता, अण्णांनीच शिकवलेला. "नक्की," असं उत्तर मिळाल्याशिवाय तो दुसऱ्या हाफसाठी गोलात जात नसे.

एका हिवाळ्यात जेद्दाहून खेळाचे मुशरिफ, म्हणजे देखरेख करणारे अधिकारी, मॅच बघायला आले. त्यांनी गॅलरीचा मोबाईलवर फोटो काढला आणि कोचला सांगितलं की हे असंच असेल तर पुढच्या मोसमापासून राबिघच्या टीमनं सगळ्या मॅच जेद्दाला येऊन खेळाव्यात. रिकाम्या पायऱ्यांसाठी मैदान कशाला सांभाळायचं? कोचचा चेहरा पडला. पोरांपैकी निम्मी कॉलेजनंतर कामाला जाणारी. दर वेळी जेद्दाला जाणं त्यांना जमणारं नव्हतं. टीमच मोडली असती.

अण्णा पायऱ्या उतरून थेट मुशरिफांसमोर उभे राहिले. "रिकाम्या कुठं? मी आहे की," त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मुशरिफ सौम्यपणे हसले. म्हणाले, "तुम्ही एक माणूस आहात, सदीक." सदीक म्हणजे मित्र. अण्णा म्हणाले, "एक जण बसलेला असला की दुसऱ्याला येऊन बसायची लाज वाटत नाही. मला थोडा वेळ द्या." मुशरिफांनी मोसम संपेपर्यंतचा वेळ दिला. परतताना गाडीत अण्णा मला म्हणाले, "मास्तर, आता माणसं गोळा करायची." मी म्हटलं, "कुठून?" ते म्हणाले, "घरातनं."

कंपाउंडातली आमची मंडळी शुक्रवारी दुपारनंतर क्रिकेट खेळत. अण्णा घरोघर गेले. "सकाळी खेळा, ऊन कमी असतं. संध्याकाळ मला द्या." कुणी म्हणालं, "अण्णा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." "कळायला कशाला पायजे? टाळी वाजवता येती न्हवं?" शाळकरी मुलं कंटाळून म्हणाली, "अंकल, इट्स सो बोरिंग." अण्णांनी त्यांना वडापाव कबूल केला. वहिनींनी तो केलाही, पातेलंभर, आणि पदर खोचून म्हणाल्या, "मीबी येतो. एवढ्या वर्षांत बघितलं न्हाई ह्यांचं सासर."

त्या संध्याकाळी गॅलरीत पहिल्यांदा कलकल झाली. पण आमची माणसं क्रिकेटवर वाढलेली. राबिघच्या एका बचावपटूनं दडपणाखाली चेंडू उंच मारून पार कुंपणाबाहेर घालवला, आणि आमच्या सगळ्या गॅलरीनं उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी "सिक्सर!" म्हणून ओरडलंही. त्या पोरानं चमकून वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढी दाद मिळत होती. पुढे जो जो चेंडू त्याच्याकडे आला, तो तो त्यानं बाहेर घालवला, आणि दर वेळी आमच्या टाळ्या वाढत गेल्या. मिसरी कोच डोकं धरून आमच्याकडे बघत होता. आम्ही हरलो.

मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही सांगायचं तरी होतं लोकांना." ते डोळे पुसत हसत होते. "सांगितलं असतं तर गप्प बसली असती. गप्प गॅलरी काय कामाची? आणि त्या पोराचं तोंड बघितलं का तुम्ही?"

पुढच्या मॅचला वडापाव नव्हता, तेव्हा माणसं कमी आली. त्याच्या पुढे परीक्षा आल्या, मग कुणाकडे पाहुणे. अण्णा चिडले नाहीत; दर गुरुवारी दारोदार जाऊन "उद्या मॅच हाय" एवढंच सांगायचं काही त्यांनी सोडलं नाही. लोक दारातूनच मान हलवत. पण एका शुक्रवारी माजिदचे वडील आले. गावातले मासेमार, उंच, अबोल गृहस्थ. त्यांनी खालच्या पायरीवर सतरंजी अंथरली, कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर काढले आणि अण्णांना हात करून बोलावलं. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. पुढच्या वेळी त्यांच्यासोबत आणखी दोन बाप आले. अण्णा माझ्या कानात म्हणाले, "बघा. सांगितलं न्हवतं? एक बसला की दुसरा बसतो."

मोसम संपायला थोड्या मॅच उरल्या होत्या, तेव्हा एका सकाळी ड्युटीला निघायच्या तयारीत असताना अण्णांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतरचे दिवस या देशात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहेत: इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, कंपनीचं पत्र, वकिलातीचा शिक्का, या खिडकीवरून त्या खिडकीवर. ते सगळं मी केलं, कारण कागदपत्रं हेच मला येतं. वहिनी शांत होत्या. गुरुवारी जेद्दाच्या विमानतळावर आत जाण्याआधी त्यांनी पर्समधून एक घडी घातलेली वस्तू काढून माझ्या हातात दिली. ती कापडी पिशवी होती, धुऊन वाळवलेली.

"उद्या मॅच हाय," त्या म्हणाल्या. "मी जातो ह्यांना घेऊन. तुम्ही तिकडं जावा."

मी म्हटलं, "वहिनी, मला त्यातलं काही कळत नाही."

"ते टाळीचं काय म्हणायचे, ध्यानात हाय न्हवं?" एवढं म्हणून त्या वळल्या.

राबिघला परत आल्यावर मी घरी गेलो नाही. गुरुवारची संध्याकाळ होती. एकेक दार वाजवलं आणि अण्णांचंच वाक्य म्हटलं, "उद्या मॅच हाय." माझ्या तोंडून ते फार हळू निघालं, पण या वेळी कुणी नुसती मान हलवली नाही. क्रिकेटवाल्यांतला एक जण म्हणाला, "सांगायला कशाला आलात? येणारच आहोत."

शुक्रवारी फाटकावर रखवालदारानं माझ्यामागे पाहत विचारलं, "जुमहूर कुठे?" मी सांगितलं. त्यानं दोन्ही हात छातीशी नेले, काही पुटपुटला आणि फाटक पूर्ण उघडून धरलं. आमची मंडळी आत गेली. खाली सतरंजीवर माजिदचे वडील बसले होते. जेद्दाहून मुशरिफही आले होते. अण्णांची तिसऱ्या पायरीवरची जागा सगळ्यांनी सोडली होती; मी तिच्या शेजारी बसलो. पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नाही. पोरांनी एकेक करून पिशवीत आपापले फोन आणि किल्ल्या टाकल्या.

खेळ सुरू झाल्यावर बराच वेळ गॅलरी गप्प होती. दुखवट्यात टाळ्या कशा वाजवायच्या, असं सगळ्यांना वाटत असावं. मग माजिदनं सूर मारून एक चेंडू अडवला, उठला, आणि सवयीनं वर पाहिलं, तिसऱ्या पायरीकडे. मी उभा राहिलो. हात डोक्याच्या वर नेले, तळवे किंचित खोलगट केले. पत्र्याखाली आवाज घुमला. मग डावीकडून कुणी वाजवली, मग उजवीकडून. मला पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागल्या नाहीत.

हाफ टाइमला बांग झाली. सगळे मैदानाच्या कडेला गेले. मुशरिफही गेले, या वेळी मोबाईल खिशातच ठेवून. माजिद मात्र पायऱ्या चढून वर आला. रिकाम्या जागेसमोर थोडा थांबला. मग त्यानं हातमोजे काढले आणि माझ्या मांडीवर ठेवले. ओले होते, आतून अजून गरम. नमाज संपेपर्यंत मी ताठ बसून राहिलो.

तो परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मोजे हातात घेतले, पण चढवले नाहीत. माझ्याकडे बघत उभा राहिला.

"जुमा?" त्यानं विचारलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हणालो, आणि तो गोलाकडे धावत गेला.