पुंडलिक काकांचं नाक

पुंडलिक साळवे यांनी सव्वीस वर्षांत कुणाला एकही उत्तर सांगितलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोशिवाय कुणालाच खरी वाटत नव्हती.

गारखेड्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येक मुलाच्या टेबलावर एक पुडी ठेवायची, हे त्यांचं काम. पुडीत कुठलातरी क्षार, मुलं त्याला सॉल्ट म्हणतात, आणि पुडीवर नुसता आकडा. कोणत्या आकड्यात काय आहे ते दोघांनाच ठाऊक असायचं: बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकाला आणि पुड्या बांधणाऱ्या पुंडलिक काकांना. मुलांनी ते तापवायचं, विरघळवायचं, हुंगायचं आणि ओळखायचं. ओळखता आलं नाही की मुलं काकांच्या तोंडाकडं बघायची.

बघून बघून त्यांनी एक शास्त्रच तयार केलं होतं. प्रयोगवहीच्या शेवटच्या पानावर ते पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं आणि जुन्या बॅचकडून नव्या बॅचकडं जायचं. काकांनी कान ओढला की कॉपर. डोकं खाजवलं की आयर्न. खोकले की कार्बोनेट. नाक चोळलं की अमोनियम, कारण त्याला वास येतो. काका बिचारे कान खाजला म्हणून कान खाजवायचे. पण वीस जणांत एखाद्याचं जुळायचंच. मग तो पेढे घेऊन यायचा. काका पेढे परत करायचे, तेव्हा मुलं आपसात म्हणायची, "काका किती सावध माणूस आहे बघ!"

"घ्यायचे होते की पेढे," त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणायच्या. "नाव तर झालंच हाय."

हेच काकांना लागायचं. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमात शाल नको, नारळ नको. कुणीतरी उभं राहून एवढंच म्हणावं, की पुंडलिकनं कधी कुणाला सांगितलं नाही. त्यासाठी ही शेवटची परीक्षा डाग न लागता पार पडायला हवी होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठ वाजता सत्यभामाबाईंनी वर्षभराच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला काढल्या.

"आजच?" काका दारातून ओरडले. "माझी परीक्षा हाय!"

"तुमची कुठं, पोरांची हाय. कांडपवालीनं अकराचा नंबर दिलाय. परीक्षा दर साली येती, नंबर येत नाय."

दोन खोल्यांचं घर. मिरचीच्या धुराचा खाट उठला, भिंतीवरची पाल पळाली. काका अंघोळ करून, शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडेपर्यंत त्यांचे डोळे लाल आणि नाक त्याहून लाल झालेलं होतं. त्यात निघताना त्यांनी हातानं मिरच्यांची परात उचलून दिली होती. पुढचे तीन तास प्रयोगशाळेच्या दाराशी उभं राहून ते त्याच हातानं नाक चोळत होते आणि डोळे पुसत होते.

परीक्षा सुटली. काका खिडकीजवळच्या नळावर परीक्षानळ्या धुवायला लागले. खिडकीखाली सायकल स्टँड, तिथं लिंबाच्या सावलीत मुलांचा नेहमीचा बाजार भरला होता.

"तुझं काय आलं?"

"अमोनियम."

"माझंपण."

"अबे, सबका अमोनियम?" हा अतुल, बॅचचा पुढारी. "काकांनी किती वेळा नाक चोळलं, मी मोजलंय. एकेचाळीस वेळा! रडत पण होते बिचारे."

"पण पुड्या तर वेगवेगळ्या असतात ना?" मेघानं विचारलं.

"यंदा एकच ठेवली असंल. शेवटचं साल हाय काकांचं. जाता जाता पुण्य कमावलं माणसानं."

काकांच्या हातातली परीक्षानळी फुटली.

"माझी पुडी निळी होती," वैजापूरचा सत्यम जरा भीत भीत म्हणाला. "निळीशार. आमचे आप्पा डाळिंबावर मोरचूद मारतात ना, तसली. मला तर वाटलं मोरचूदच हाय, म्हंजे कॉपर. पण काका माझ्याकडंच बघून नाक चोळत होते. म्हटलं, आप्पाला काय कळतं केमिस्ट्रीतलं!"

"बरोबर केलंस," अतुलनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मी झिंक लिहिलं," मेघा म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळून बघायला लागले. कुणाच्या घरी काही झाल्यावर बघतात तसे.

"ही खांबामागं होती," कुणीतरी हळू आवाजात सांगितलं. "हिला काका दिसलेच नाहीत."

"अरेरे."

एका मुलीनं मेघाला पाण्याची बाटली दिली. पाणी मिळताच मेघाला रडू फुटलं.

काका खिडकीत उभे. मेघाचा नंबर सात. साताची पुडी त्यांनीच बांधली होती, आणि तिच्यात झिंकच होतं. एक शब्द बोलला की पोरीचे डोळे कोरडे. शब्द जिभेवर आलाही. पण आत परीक्षक उत्तरपत्रिका तपासत होते, गुणपत्रकावर अजून सही व्हायची होती. सही होईपर्यंत सांगणं म्हणजे सांगणंच. सव्वीस वर्षं गिळलेला शब्द काकांनी सत्ताविसाव्यांदा गिळला.

"रडू नको बाई," ते खिडकीतून म्हणाले. "घरी जा, जेव." आणि सवयीनं त्यांचा हात नाकाकडं गेला.

"बघा, बघा!" अतुल ओरडला. "अजून सांगतायत! अमोनियमच!"

मेघा हुंदके देत सायकलवर बसली.

काकांनी नळ बंद केला. एकोणीस पोरांचं एकच उत्तर. परीक्षक काय म्हणतील? आतल्या माणसानं फोडलं. आतला माणूस कोण? पुंडलिक साळवे. बोलावणं येण्याआधीच ते परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले. परीक्षक म्हणजे कन्नडचे राजेंद्र सर. त्यांच्या चहावर साय धरली होती.

"साळवे, हे काय हो? एकोणीस अमोनियम?"

"सर, आईशप्पथ, मी कुणाला काही सांगितलं नाय."

"मग?"

"मिरच्या, सर."

काकांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मिरच्या, कांडपवालीचा नंबर, नाक, प्रयोगवहीचं शेवटचं पान. सर ऐकता ऐकता पुड्यांच्या यादीवरून बोट फिरवत होते. बोट विसाव्या नंबरवर थांबलं आणि सर हसायला लागले. इतके, की आता त्यांनी डोळे पुसले.

"साळवे, पुड्या तुम्हीच बांधल्यात ना? आजच्या वीस पुड्यांत अमोनियम एकाही पुडीत नाहीये! तुम्ही सांगणारे असता तर एकाचं तरी बरोबर आलं असतं. एकोणीस चुकीची उत्तरं. तुमच्या इमानाला याहून मोठा दाखला कोण देणार?"

मुलं त्या सॉल्टच्या गुणांना मुकली, बाकीच्या प्रयोगांवर तरली. दुसऱ्या दिवशी दुसरी बॅच आत यायच्या आधी सरांनी दारातच खणखणीत सांगितलं, "साळवेंच्या नाकाकडं बघू नका. कालच्या बॅचमध्ये जिनं बघितलं नाही त्या एकट्या मुलीचंच उत्तर बरोबर आलं."

त्या दिवशी खरंच कुणी काकांकडं मान वर करून बघितलं नाही. विसाच्या वीस माना परीक्षानळ्यांवर. काकांना वाटलं, चला, निवृत्तीआधी नाव धुऊन निघालं.

दुपारी ते नळावर नळ्या धुवायला लागले. खिडकीखाली बाजार भरलाच होता.

"कालच्या बॅचला काकांनी जाम फसवलं म्हणे."

"एकोणीस जणांना! डोळ्यांत पाणी आणून!"

"लई बेरकी माणूस. मी तर आधीच ठरवलं होतं, काका जे दाखवतील ते सोडून दुसरं लिहायचं."

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा सत्यभामाबाई बरण्यांत नवा मसाला दाबून भरत होत्या. काकांनी पाटावर बसकण मारली.

"सव्वीस वर्षं पोरं म्हणायची, काका सांगतो. आता म्हणतात, काका खोटं सांगतो."

"म्हंजी आता कुणी तुमच्याकडं बघायचं नाय?"

"नाय."

"मग बरंच की. हेच पायजे होतं ना तुम्हाला?" त्यांनी बरणी पुढं सरकवली. "धरा घट्ट. झाकण बसवते."

काकांनी बरणी धरली. झाकण बसलं, आणि बसताना मसाल्याचा एक भपकारा वर आला. काकांचा हात नाकाकडं निघाला. त्यांनी तो वाटेतच थांबवला, दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. घरात बारावीचं कुणी नव्हतं.

मग त्यांनी मनसोक्त नाक चोळलं.