नलिनीकाकींचा फवारा

नलिनीकाकी आमच्या शेजारच्या. सावंतवाडीकडून लग्न होऊन भांडुपला आल्या, त्याला तेहतीस वर्षं झाली. सासरे गिरणीत होते, नवरा काशीराम एका कंपनीत लिफ्टमन. काकींना जगात तिटकारा एकाच गोष्टीचा, मुंग्यांचा. आणि मला, खरं सांगायचं तर, काकींच्या टापटिपीचा. ही बाई जिना चढतानाही कठडा पुसत यायची.

महिला मंडळाच्या वर्गात त्या फवारा करायला शिकल्या. लवंगेच्या तेलाचे वीस थेंब, गवती चहाच्या तेलाचे दहा, आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून भांडी घासायचा पातळ साबण चमचाभर. बाटली हलवायची आणि मारायचा. मुंग्यांना वाट सापडत नाही, झुरळंही लांब राहतात, आणि लेकराबाळांच्या घरात विषारी औषध नको. काकींनी सातही मजल्यांवर बाटल्या खपवल्या. मीही घेतली, नाक मुरडतच. पण चालला की हो तो फवारा!

गेल्या वर्षी काकींच्याच संडासात मुंग्या यायला लागल्या. साखरेचा डबा सोडून संडासात! काकींना तो स्वतःचा अपमान वाटला. रोज सकाळी काका बाहेर आले की या फवारा घेऊन आत. वीस थेंबांचे तीस केले. महिनाभरात मुंग्या हटल्या.

"श्रुतिका, ये गो, एक मुंगी दाखव मला," म्हणत मला हाताला धरून घेऊन गेल्या.

"झकास, काकी," मी म्हटलं.

काका खाटेवर बसून तांब्याभर पाणी घटाघटा पीत होते. पिऊन झाल्यावर त्यांनी परत तांब्या पुढे केला. मी ते पाहिलं आणि घरी येऊन भाजी निवडायला बसले.

दिवाळीनंतर काकांना नवी चप्पल चावली, ती जखम भरेचना. हॉस्पिटलमध्ये रक्तातली साखर निघाली चारशे ऐंशी. आधी अंगठा कापला, मग पाऊल, मग काकाच गेले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "लघवी करतात तिथे मुंग्या लागायच्या का हो? बऱ्याच घरांत तेव्हाच शंका येते."

"लागायच्या," काकी म्हणाल्या. "मी घालवल्या."

त्या आता रडतील म्हणून मी हात पुढे केला, तो तसाच राहिला. काका गेले तेव्हाही रडल्या नाहीत. आल्यागेल्याला चहा द्यायच्या, कप धुऊन पालथे घालायच्या. मला त्यांचा रागच आला. माझा स्वतःचा आला तो नंतर.

त्यांचा सुयोग अठ्ठावीस वर्षांचा आहे. सकाळी तो संडासातून बाहेर आला की काकी चष्मा लावून आत जातात, वाकून कोपरे बघतात. तो खाली मान घालून ऑफिसला निघतो.

गेल्या सोमवारी काकी दारोदार फिरल्या. जिथे जिथे बाटली दिली होती, तिथे तिथे एकच वाक्य, "आठ दिवस संडासात मारू नको." वरच्या मजल्यावरच्या बायका हसल्या. कुणी कारण विचारलं तर काकी पुन्हा तेच वाक्य बोलायच्या आणि पुढच्या दाराची बेल वाजवायच्या. मीही बाटली कपाटात ठेवली, वाद नको म्हणून.

पाचव्या दिवशी सकाळी माझा नवरा सर्वेश संडासातून ओरडला, "श्रुतिका, फवारा कुठाय? मुंग्यांनी वाट लावलीय इथे!"

मी कपाट उघडलं नाही. शेजारी जाऊन काकींना घेऊन आले. त्यांनी चष्मा लावला, वाकल्या, आणि बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिल्या.

"काल आत काय गोड सांडलंवतं?"

"संडासात गोड कोण नेतं, काकी?"

"मग त्याला चहा देऊ नको," त्या म्हणाल्या. थेंब किती घालायचे ते सांगायच्या, त्याच आवाजात. "रक्त तपासायला उपाशीपोटीच ने."

चहा गॅसवर उकळत होता. मी गॅस बंद केला.