जुनी झूल

तेलीबागेतले घोड्यांचे एक व्यापारी आमच्या तबेल्यावर नेहमी येतात; आम्ही त्यांना चाचा म्हणतो. माणसांशी तुटक बोलतात, घोड्यांशी मात्र अदबीनं. खूर बघायचा असला तरी "बेगम, जरा पाँव दीजिए" म्हणून थांबतात.

त्यांच्याकडून मालकांनी घेतलेल्या गाभण घोडीनं दोन दिवस दाण्याला तोंडच लावलं नाही. मी नववीत शाळा सोडून इकडे उत्तरेत घोडे सांभाळायला आलेला मोतद्दार. तिला काही झालं असतं तर नोकरी गेलीच होती, आणि इतक्या लांबून नगरला परत जाऊन घरी काय सांगणार? मी घाबरत त्यांना फोन केला.

ते लगेच स्कूटरवरून आले. काखेत घोडीची जुनी झूल होती.

"चाचा, धो दूँ? बहुत महक रही है."

"खबरदार! नई जगह है मियाँ, कुछ तो अपना महके."

त्यांनी झूल गव्हाणीच्या काठावर टाकली. घोडीनं बराच वेळ तिच्यात नाक खुपसलं आणि मग दाण्याला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुम क्या लाए थे घर से?"

मी ट्रंकेतली वडिलांची घोंगडी दाखवली. त्यांनी ती हुंगली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि घोडीशी बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "इसे धोइएगा मत."