खिडकीतलं ताट

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी आई म्हणायची. म्हणूनच लीड्सच्या त्या घरात मी अख्खा उन्हाळा गप्प कशी राहिले, याचं मला अजून नवल वाटतं.

नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी हौसेने रक्तदानाला गेली होती, तोही गेला. काही दिवसांनी त्याला फोन आला: तुमच्या रक्तात हेपटायटिस बी सापडला आहे, डॉक्टरांना भेटा. माणूस धडधाकट, शनिवारी क्रिकेट खेळणारा. हॉस्पिटलमध्ये कळलं, की विषाणू यकृतात वर्षानुवर्षं मुकाट बसून होता आणि आता जागा झाला होता. रोज एक गोळी घ्यायची, विचारल्याशिवाय थांबवायची नाही. माझी आणि मुलीची तपासणी झाली. आम्ही दोघी सुटलो, लसही घेतली.

तिथल्या नर्सने आम्हाला नीट समजावलं. ताट, पेला, मिठी, एकत्र जेवण यातून हा आजार जात नाही. रक्तातून जातो, म्हणून दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश वेगळा. नवरा-बायकोत जातो. आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. मग तिने विचारलं, "यांच्या आईची कधी टेस्ट झालीय का?"

नवरा एकदम उठून उभा राहिला. घरी येताना बसमध्ये म्हणाला, "मला काय झालंय ते आईला सांगू. पण हे जन्माचं वगैरे एक अक्षर बोलायचं नाहीस. तिच्या टेस्टचं नावसुद्धा नको. ती खचेल." मी हो म्हटलं.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याचं ताट वेगळं काढलं. निळ्या काठाचं. ते वेगळ्या घासणीने घासायचं आणि सिंकच्या वरच्या खिडकीत पालथं घालायचं. तो मुलीला आपल्या ताटातला वरणभाताचा घास भरवायचा, तेही बंद. "अरे, उष्टं नको देऊस लेकराला," त्या म्हणायच्या आणि तिला ओढून मांडीवर घ्यायच्या. स्वतः भात कालवून, फुंकर मारून भरवायच्या. दाढीच्या ब्लेडबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला.

मी एकदा चिडून बोललेच, "आई, ताटाने नाही होत हे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुमच्या डॉक्टरांना उष्टं-खरकटं काय कळतंय?" त्या म्हणाल्या. टेबलापलीकडून नवरा माझ्याकडे बघत होता. मी पाणी प्यायले. त्यांचे हात मुलीच्या तोंडाशी जाता-येता दिसायचे आणि मला भीती वाटायची. मुलीला लस आहे, तिला काही होणार नाही, हे मला पाठ होतं. भीती मुलीसाठी नव्हतीच. या बाईंना कळेल तेव्हा काय होईल, याची होती.

चिनी औषधाचं सुचवलं नवऱ्याच्या एका मित्राने. मार्केटजवळच्या दुकानात एक वयस्कर चिनी बाई बसायच्या. त्यांनी त्याची जीभ बघितली, मग दोन्ही मनगटं धरून डोळे मिटून नाडी बघितली. सासूबाईंचा तिथेच विश्वास बसला. "इथल्या डॉक्टरने एकदा तरी हात लावला का रे तुला? नुसतं रक्त काढतात." चिनी बाईंनी विचारलं, हॉस्पिटलची काही औषधं चालू आहेत का? नवरा म्हणाला, नाही. मी ट्रॉलीत सामान भरत पलीकडच्या सुपरमार्केटात होते. हे मला फार उशिरा कळलं.

घरी पुड्या आल्या. साली, मुळं, वाळकी फुलं. सासूबाई ते सगळं स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर आटवायच्या. आपल्याकडे काविळीला भुईआवळी देतात, तशातलंच हे, असं त्यांचं म्हणणं. मग आपल्याकडचं पथ्यही आलं: तेल बंद, तिखट बंद. आणि काढा चालू असताना इंग्रजी गोळ्या घ्यायच्या नाहीत, नाहीतर दोन्ही वाया जातात, हेही त्यातच आलं. चिनी बाईंनी हे सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. ते आमच्या घरी आधीपासून होतं.

घरभर ओल्या मातीसारखा कडवट वास भरला. पंखा लावला, खिडक्या उघडल्या, पण पडद्यांना धरलेला वास जाईना. नवरा आधी ताजातवाना दिसायला लागला, निदान सासूबाईंना तरी. मग तो ऑफिसमधून आला की सोफ्यावर आडवा व्हायचा. तुपाच्या वासाने त्याला मळमळायचं. अंग खाजवायचा. "गुण येतोय," सासूबाई म्हणायच्या, "आतली उष्णता बाहेर पडतेय." मी गोळ्यांचं विचारलं की "घेतोय गं" म्हणायचा. मी विश्वास ठेवला, कारण खोटं बोलायला त्याला कधी जमायचं नाही.

एका रविवारी सकाळी तो आपलं ताट घ्यायला सिंकच्या खिडकीपाशी उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन होतं. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"गोळ्या?" मी ओरडले. त्याने नकारार्थी मान हलवली. सासूबाईंच्या हातातला काढ्याचा कप तसाच राहिला.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गोळी थांबवली की हा विषाणू उसळून येतो. काढ्यानेही यकृताला त्रास दिला असेल, तसं छातीठोक सांगता येणार नाही. आता वाट बघायची. यकृत सावरलं नाही तर दुसरं बसवावं लागेल, तेही वेळेत मिळालं तर. मी त्याचा पिवळा हात धरून बसले. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, त्याचा, त्यांचा, त्या पातेल्याचा. मग डॉक्टरांनी विचारलं, आईची टेस्ट झालीय का? या वेळी सासूबाई शेजारीच बसल्या होत्या.

"माझी कशाला?" त्यांनी मला विचारलं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले. मी सांगितलं.

त्यांच्या रक्तातही तोच विषाणू निघाला. बहुधा जन्मापासूनच त्यांच्याही अंगात असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना त्याने काही केलं नव्हतं.

नवऱ्याचं यकृत हळूहळू सावरलं. व्रण राहिलेत, आयुष्यभर तपासण्या आहेत, पण तो घरी आला. त्या दिवशी मुलगी रोजच्यासारखी टेबलाशी येऊन बसली. "आजी, तू भरव ना. तुझाच घास यमी असतो."

सासूबाईंनी वरणभात कालवला, तूप घातलं, फुंकर मारायला घास तोंडाशी नेला आणि हात तिथेच थांबला.

"आई, भरवा," मी म्हटलं. "काही होत नाही. खरंच सांगते, काही होत नाही."

"खरं सांगणारी असतीस, तर माझ्या टेस्टचं तेव्हाच बोलली असतीस," त्या म्हणाल्या. घास ताटात ठेवला. मग स्वतःचं ताट उचलून वेगळ्या घासणीने घासलं आणि खिडकीत, निळ्या काठाच्या ताटाशेजारी पालथं घातलं.