साहेबायले गमलं

छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात आला, राज्य मोठं झालं, आणि पुढच्याच वर्षी यांची बदली यवतमाळजवळच्या कळंबला झाली. हे मोजणी खात्यात होते. आम्ही साताऱ्याकडची माणसं. यवतमाळ नकाशात कुठे आहे ते बघायला माझ्या वडिलांना चष्मा शोधावा लागला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, लग्नाला आठ महिने झाले होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं.

कळंबचं मला काहीच पटेना. ऊन पटेना, भाजीतलं तिखट पटेना, बोलणं तर मुळीच नाही. "काहून वं बाई, अशी गप बसून राह्यली?" असं शेजारीण मायेनं विचारायची, तरी मला ती भांडायलाच आली असं वाटायचं. माझं सूत जमलं ते एका म्हातारीशी. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून ती रोज सकाळी भाजी घेऊन यायची आणि टोपली रिकामी झाली की आमच्या ओट्यावर टेकायची. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून मीही तिला याडी म्हणू लागले.

याडीचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. तिच्या गोष्टीही त्या वाटेवरच्याच. नायकाचा पोरगा लग्न करून येतो, नदी उतरताना पूर येतो आणि नवरी वाहून जाते. सावकाराचं नशीब फिरतं, शंभर बैलांतला एक उरतो, आणि त्या एकाच्या घुंगरमाळेवरून बायको बारा वर्षांनी त्याला भर बाजारात ओळखते. सगळ्या गोष्टींचा शेवट गोड असायचा, पण मधे कोणी ना कोणी हरवायचंच. गोष्ट रंगात आली की याडी मराठी सोडून आपल्या बोलीत शिरायची. "गमगो!" असं म्हणून ती दोन्ही हात हवेत उडवायची. म्हणजे हरवला, गेला. तो शब्द मी इतक्यांदा ऐकला की माझ्या तोंडी बसला.

"याडी, तुझ्या गोष्टीत सगळे हरवतात कशाला गं?" मी एकदा चिडून विचारलं.

"मंग नाही हरवले तं बायको त्याले शोधाले कशी निघन?" ती म्हणाली. मला ते काही फारसं पटलं नाही. गोष्टीतल्या बायकांना बरं आहे, मी मनात म्हटलं, त्यांचे नवरे बोलके असतात.

माझे हे बोलके नव्हते. वणीकडे दोन महिन्यांच्या कामावर जायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना ऐकवलं की मी या मुलखात राहणार नाही. बदली करून घ्या, नाहीतर मी सरळ माहेरी निघून जाते. हे वर्तमानपत्र घडी करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी वळकटी उचलून निघाले, तेव्हाही हो नाही की नाही नाही. तीन आठवडे पत्र नाही. मीही घातलं नाही. मी का म्हणून घालू, असा माझा ताठा. पण पोस्टमन दिसला की मी दारात जायचे, हे खोटं कशाला सांगू.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी घरासमोर ट्रक उभा राहिला. ड्रायव्हर वणीचा मुसलमान गृहस्थ होता, वर्ध्याला माल घेऊन निघालेला. मला दारात बघून तो जरा गोंधळला आणि मग सलाम करून म्हणाला, "भाभी, मी साहेबायच्या वळखीचा."

"कसे आहेत ते?" मी विचारलं.

"अच्छे हायत. साहेबायले तिथं गमलं, भाभी. आता कायचे येतात ते इतक्यात!" असं म्हणून तो हसला. मागून क्लीनरने हाक मारली आणि तो निघूनही गेला.

गमलं. माझ्या कानांनी तेवढा एकच शब्द धरला. 'साहेबायले' मधला तो 'ले' मी ऐकलाच नाही. माणूस हरवल्याचं सांगताना कोणी हसेल का, एवढा साधा विचारही मला सुचला नाही. तीन आठवडे पत्र का आलं नव्हतं, हे मला एकदम कळल्यासारखं झालं. मी त्यांना नको ते बोलले होते आणि ते कुठेतरी निघून गेले होते. माझ्यामुळेच गेले होते.

दुसऱ्या दिवशी याडी आली तेव्हा माझे डोळे सुजले होते. मी तिला तिच्याच बोलीत सांगितलं, "याडी, हे गमगो." माझी ही हुशारी मला नडली. मराठीत सांगितलं असतं तर तिने चार प्रश्न विचारले असते. तिच्या बोलीत सांगितल्यावर शंकेला जागाच उरली नाही. तिने टोपली शेजारणीकडे टाकली आणि म्हणाली, "चाल. ऊठ."

दोन गाड्या बदलून आम्ही वणीला निघालो. वाटेत मला एकच काळजी लागली होती: लोकांना खूण काय सांगायची? गोष्टीतल्या नवऱ्यांच्या बोटात अंगठी तरी असते. माझ्या नवऱ्याची खूण म्हणजे दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी.

खूण सांगायची वेळच आली नाही. मोजणी कचेरीच्या शिपायाने समोरच्या खोलीकडे बोट दाखवलं. दार उघडं होतं. हे जमिनीवर बसून सदऱ्याला बटण लावत होते, आणि तेही उलटं. मी उंबऱ्यात बसून मोठमोठ्याने रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

हे उठून उभे राहिले. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून त्यांचा चेहरा पडला. "माहेरी निघालीस?" त्यांनी विचारलं.

"निघालीस काय! तुम्ही हरवला होतात ना?"

"मी? मी इथेच आहे."

याडी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "डायवर काय म्हणे?" तिने मला विचारलं. "साहेब गमले म्हणे, का साहेबायले गमलं म्हणे?"

"साहेबायले गमलं," मी म्हटलं.

याडीने कपाळावर हात मारून घेतला. "अवं येडे, गमलं म्हंजे करमलं! इकडं मराठीत करमलं, आमच्यात हरवलं!" आणि ती पोट धरून हसत सुटली. हसता हसता चहा प्यायला म्हणून ती कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेली, तिथेही तिचं हसणं ऐकू येत होतं.

जीव भांड्यात पडला आणि लगेच मला राग आला. "म्हणजे इथे मजेत आहात," मी म्हटलं. "तसा निरोपही पाठवता, पण पत्र तेवढं घालत नाही."

"मी निरोप पाठवलाच नव्हता. ते त्याने आपल्या मनचं सांगितलं."

"मग तो घरी कशाला आला होता?"

"घराला कुलूप आहे का, एवढंच बघून यायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पत्र घातलं आणि ते परत आलं तर, म्हणून पत्र नाही घातलं. तो अजून वर्ध्याहून आला नाही. होतं का कुलूप?"

"तेव्हा नव्हतं," मी म्हटलं. "आता आहे. तुम्हाला शोधायला निघताना मीच लावलं."