बावीस घरांचे पट्टे

त्या दिवशी सकाळी दशरथकाका विळा घेऊन निघाले तर मुक्ताकाकू दारातच उभ्या राहिल्या. म्हणल्या, आपला पट्टा परवाच झालाय, आता कुणाचा कापायला चाललाय?

"विश्वजीतचा राहिलाय."

"त्याला हात नाहीत का?"

"खराडीला कंपनीत जातो रोज. वेळ कुठला हाय त्याला."

आमचं गाव खडकवासल्याच्या अलीकडं, आता महापालिकेत गेलंय. मागं टेकडीवर भैरोबाची देवराई. राईच्या खालच्या अंगाला बावीस घरांचे बावीस पट्टे. पौषात ज्यानं त्यानं आपल्या पट्ट्यातलं वाळकं गवत कापून जमीन उघडी करायची, म्हणजे खालनं वणवा आला तरी तिथंच थांबतो. एकाचा जरी राहिला तर आग तिथनंच वर चढणार. म्हणून ज्याचा राहिला त्याच्या दारात गवताची पेंढी ठेवायची. बोलायचं काही नाही. सगळं गाव बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस टेकडीवर हजर. शिकवलं कुणी नाही, शेजारचा कापतोय म्हणून आपण कापायचं.

मग जमिनी गेल्या, बिल्डिंगा झाल्या. एका वर्षी एका घराचा पट्टा राहिला. काकांना वाटलं, फ्लॅटच्या दारात पेंढी ठेवून माणसाची लाज कशाला काढायची. गुपचूप आपणच कापला. पुढच्या वर्षी तीन घरं राहिली, मग नऊ, यंदा सतरा. लोकांना वाटायचं महापालिका कापते. फिरायला आलेल्या एकानं तर काकांनाच विचारलं, तुम्ही रोजंदारीवर का कायमचे? काका म्हणले, कायमचा.

काकू त्या दिवशी चिडल्याच. "तुम्ही कापता म्हणून ते येत नाहीत. पेंढी ठेवा."

"होळीच्या आत झालं पाहिजे. राई जळल्यावर पेंढी कुणाच्या दारात ठेवू?"

एवढं बोलून गेले.

दुपारी काकू भाकरी घेऊन वर गेल्या. विश्वजीतच्या पट्ट्यात मधोमध काका आडवे. विळा बाजूला नीट ठेवलेला. दम लागला म्हणून बसले असतील. अंग गार पडलं होतं.

मातीला सगळे आले. विश्वजीतनं खांदा दिला. पट्ट्याचा विषय कुणी काढला नाही.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी उरलेल्या गवतातली एक पेंढी बांधली आणि लिफ्टनं पाचव्या मजल्यावर गेल्या. ठेवताना दार उघडलं. विश्वजीतची बायको ऋतुजा. तिनं पेंढी हातात घेतली, म्हणली, "किती छान. पूजेचं आहे का?"

मागनं विश्वजीत आला. त्यानं पेंढी बघितली आणि मान खाली घातली. आजीकडनं ऐकलं असेल कधीतरी.

"काकू, मला खरंच वाटलं, कॉर्पोरेशन कापतं."

"कॉर्पोरेशनचं तेरावं काल झालं," काकू म्हणल्या आणि जिन्यानं खाली आल्या.

रविवारी तो आला. विळा नव्हता, काकूंनी काकांचा दिला. काकांनी सोडलं होतं तिथनं सुरू केलं. तासाभरानं कंबर धरून उभा राहिला, हाताला फोड आलेले. विचारलं, काकू, आमचा कुठपर्यंत?

काकूंनी पुढं बघितलं. गवत सगळं सारखंच. कुठल्या घराचं कुठं संपतं ते काकांनाच ठाऊक होतं.

"काप," त्या म्हणल्या. "मला नाही माहीत."