फळीवरच्या वाती

सारजाबाईचं त्या दिवशी कशातच चित्त लागेना. ज्वारी निवडायला बसली, सूप तसंच टाकून उठली. अंगणात गेली, परत आली. तारामतीची बातमी ऐकल्यापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

तेरखेड्यात फटाक्यांच्या वाती वळणाऱ्या बायकांत सारजाबाईचा हात पहिला. तिच्या शेजारी बसून पंधरा वर्षं वाती वळणारी तारामती दोन महिन्यांपूर्वी घरीच भाजली. दोन्ही हात कामातून गेले. आणि काल विमा कंपनीचं पत्र आलं, भरपाई मिळणार नाही. अर्जात काम लिहिलं होतं ‘गृहिणी’ आणि घरात निघाली फटाक्याची दारू. दोघींचा विमा एकाच दिवशी, एकाच एजंटानं काढलेला.

“सोनाली, माझा कागद काढ गं,” तिनं सुनेला हाक मारली.

कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर, वातींच्या जुड्यांशेजारी. वात सर्दावली की फटाका फुसका निघतो, म्हणून हंगामात घरी आणलेल्या जुड्या ती त्या कोरड्या फळीवर ठेवायची. तशी बाई जपणारी. वातींची दारू लागलेले हात घासून धुतल्याशिवाय नातीला शिवायची नाही. पण फळीची तिला कधी भीती वाटली नाही. विम्याचा कागद होता ना तिथं! येडेश्वरीचा अंगारा असावा तसा तिला त्याचा आधार.

आता त्या स्वयंपाकघरात स्वयंपाक होत नव्हता, ही गोष्ट वेगळी. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात सोनालीनं गॅसची शेगडी पडवीत नेली. “आत उकडतंय,” म्हणाली. ऊन असो, वारा असो, चार वर्षं ती तिथंच भाकरी थापत होती. सारजाबाई गल्लीभर सांगत सुटायची, “आमच्या सूनबाईला उकडतंय! माहेरी एसी हुता जणू!”

सोनालीनं कागद वाचला. व्यवसाय, गृहिणी. मग खालची बारीक अक्षरं वाचताना तिचा आवाज उतरला. “काम लपवलं, न्हायतर घरात स्फोटक माल ठेवला, तर कायबी मिळणार न्हाय, आत्या.”

सारजाबाई तशीच उठली आणि मिळेल त्या जीपनं येरमाळ्याला गेली. स्टँडसमोर एजंट कुलदीपचं दुकान.

“मावशी, खरं लिवलं असतं तर फाईल वापस आली असती. तुमच्या भल्यासाठीच केलं.”

“तारामतीचे हात बघून ये, मग भलं सांग! इतकी वर्षं तू कुण्या बाईचे हप्ते घेतलेस? ती बाई मी न्हाय.”

कुलदीप वरमला. त्यानं अर्जातलं काम दुरुस्त करायचा फॉर्म काढला. हप्ता वाढेल, कंपनी नाहीही म्हणेल, हेही सांगितलं.

“म्हणू दे. पण खरं लिव.”

त्यानं ‘फटाका कारखान्यात मजुरी’ असं लिहिलं. पुढचा रकाना, घरात माल ठेवता का? “न्हाय लिवू?” त्यानं सवयीनं विचारलं.

सारजाबाईनं त्याचा हात धरला. “थांब. आज लिवलं तर खोटं हुतंय. उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं सगळ्या जुड्या टोपलीत भरून कारखान्यात परत दिल्या. इथून पुढं वळायच्या त्या शेडमध्येच. घरी येऊन फळी ओल्या फडक्यानं पुसली. मग पुन्हा पुसली. तरी जिवाला चैन पडेना. एखादी वात फटीत राहिली असेल तर? स्टुलावर चढून ती बोटं फिरवत राहिली.

खाली कसलासा आवाज झाला. सोनाली पडवीतून शेगडी उचलून आत आणत होती. कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर शेगडी ठेवून तिनं ती नीट सरळ केली.

“अगं, उकडंल की तुला,” सारजाबाई म्हणाली.

सोनालीनं मान वर केली नाही.

“मला कवाच उकडत नव्हतं, आत्या.”